बर्बेरिन, ग्लिमेपिराइड आणि साखर ५६ : एक प्रकरण अभ्यास

बर्बेरिन या वनस्पतीतल्या द्रव्याने रक्तातली साखर कमी होते, हे आधीच सांगून टाकतो. या प्रकरणात जे घडलं, ते गोळी कुचकामी निघाली म्हणून घडलेलं नाही. ती लागू पडली म्हणून घडलं. वनौषधींचा विषय निघाला की दोनच सूर कानावर येतात. एक म्हणतो, सगळं थोतांड आहे. दुसरा म्हणतो, निसर्गातलं आहे, अपाय होणारच नाही. या दोघांच्या कचाट्यात सापडणाऱ्या पेशंटचं हे प्रकरण आहे. ते कुणा एका व्यक्तीचं नाही, शिकवण्यासाठी बेतलेलं आहे. त्यातली औषधं, ती एकमेकांवर करत असलेले परिणाम आणि अभ्यासांचे आकडे मात्र खरे आहेत.

पेशंट

वय ५६, पेशाने शिक्षिका. टाइप २ मधुमेह सात वर्षांपासून. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो. रोजची औषधं चार: मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम दोन वेळा, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्याआधी (ही दोन्ही साखरेसाठी), रक्तदाबासाठी लोसार्टन ५० आणि कोलेस्टेरॉलसाठी रात्री ॲटोर्वास्टॅटिन २०. शेवटच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ७.९ टक्के, उपाशीपोटी साखर १५२, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी २१०, रक्तदाब १२८/८०. मूत्रपिंड आणि यकृत ठीक.

म्हणजे आजार हाताबाहेर गेलेला नव्हता, पण आटोक्यातही नव्हता. डॉक्टरांनी औषध वाढवण्याचा विषय काढला, तेव्हा बाईंनी तीन महिने मागून घेतले. आणखी एक गोळी नको, त्यापेक्षा चालणं वाढवते, असं त्यांचं म्हणणं होतं. ते रास्तच होतं. त्या तीन महिन्यांतच मुलीने ‘मेटाबॉलिक सपोर्ट’ असं लेबल असलेली एक बाटली आणून दिली. एका कॅप्सूलमध्ये बर्बेरिन ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा जेवणाबरोबर.

पहिला आठवडा पोटाच्या तक्रारीत गेला. पोटात कळ यायची, शौचाचं वेळापत्रक बिघडलं. हा बर्बेरिनचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे, आणि बहुतेकांचा काही दिवसांत ओसरतो. बाईंचाही ओसरला. उपाशीपोटीची साखर १५२ वरून १३० च्या खाली आली, चौथ्या आठवड्यात ती १०४ भरली. इतक्या वर्षांत हा आकडा त्यांनी पाहिला नव्हता.

पाचव्या आठवड्यात एके दिवशी सकाळी पावणेबाराच्या सुमारास, वर्गात शिकवत असताना, फळ्यावर लिहिणारा हात थरथरायला लागला. मानेवर घाम, छातीत धडधड, समोरची अक्षरं पुसट. एका विद्यार्थिनीने साधा प्रश्न विचारला तर बाई तिच्यावर खेकसल्या. त्यांच्या स्वभावात हे अजिबात नाही. पर्समध्ये ग्लुकोमीटर होता. आकडा आला ५६. त्यांनी ग्लुकोजची पूड पाण्यात घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं तेव्हा ७४ आणि मग जेवल्या. हे त्यांनी अगदी बिनचूक केलं. साखर ७० च्या खाली गेली की पंधरा ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर घ्यायची, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा मोजायचं, हे मधुमेहाच्या प्रत्येक पेशंटला पाठ असायला हवं.

पुढच्या पंधरवड्यात आणखी दोनदा साखर उतरली. एकदा दुपारी जेवणाआधी ६१. दुसऱ्या वेळी पहाटे तीनला वाईट स्वप्न पडून जाग आली, अंगावरचे कपडे घामाने ओले होते. त्या वेळी मोजलं नाही, पण सकाळी डोकं ठणकत होतं. त्यानंतर मुलगी त्यांना घेऊन दवाखान्यात आली.

तपासणीच्या खोलीत

डॉक्टरांनी विचारलं, “काकू, या चार गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का?”

“नाही, औषध दुसरं काहीच नाही.”

खरं उत्तर या प्रश्नाने बाहेर येत नाही, कारण घेणाऱ्याच्या लेखी ते औषध नसतंच. डॉक्टरांनी प्रश्न बदलला: “काढा, चूर्ण, कॅप्सूल, प्रोटीनची पावडर, कुणी दिलेली जडीबुटी?” तेव्हा मुलगी म्हणाली, “आई, ती बाटली दाखव ना.” बाई म्हणाल्या, “अगं, ते वनस्पतीचं आहे, त्याने काय होणार?” आणि बाटली टेबलावर आली.

रक्तदाब १४२/८८ भरला, दोनदा मोजूनही. वजन ६९.५. मांड्या दुखतात अशीही तक्रार होती, म्हणून स्नायूंचं एंझाइम सीपीके तपासलं, ते ठीक निघालं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पूर्वीसारखंच. एचबीएवनसी ७.१.

साखर उतरण्याची इतर कारणं एकेक करून बाद करावी लागतात. जेवण चुकलं होतं का? नाही. गोळी दोनदा घेतली गेली का? आठवड्याच्या डबीत गोळ्या मोजल्या, हिशेब जुळला. मूत्रपिंड मंदावलं की ग्लिमेपिराइडचा असर लांबतो, पण इथे तसं नव्हतं. मद्य नाही. वजन दीड किलोने उतरलं होतं, तेवढ्याने साखर ५६ पर्यंत घसरत नाही. चालणं थोडं वाढलं होतं, पण ते संध्याकाळी, आणि साखर उतरत होती जेवणाआधी. नाश्त्याआधी घेतलेल्या ग्लिमेपिराइडचा जोर दोन-तीन तासांनी सर्वाधिक असतो. पावणेबाराचा आकडा त्याच्याशी जुळतो. तीच गोळी तोच डोस याआधी वर्षानुवर्षं घेऊन असं कधी झालं नव्हतं. मधल्या काळात नवीन आली होती ती फक्त बाटली.

बर्बेरिन नक्की काय करतं

दारुहळदीच्या लाकडाचा आणि मुळाच्या सालीचा पिवळा रंग ज्यामुळे येतो, ते हे द्रव्य. चिनी वैद्यकातल्या हुआंगलियन या वनस्पतीत आणि गोल्डनसीलमध्येही ते असतं. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियाचं काम ते किंचित मंद करतं, त्यामुळे एएमपीके नावाचं एंझाइम जागं होतं आणि पेशी साखर जास्त वापरू लागते. मेटफॉर्मिनच्या कामाचा काही भागही याच वाटेने होतो. तोंडावाटे घेतलेल्या बर्बेरिनपैकी रक्तात पोहोचतो तो भाग एक टक्क्याहूनही कमी, म्हणून त्याचा बराचसा असर आतड्यात आणि तिथल्या जिवाणूंवर होत असावा असं मानलं जातं.

पुरावा आहे. २००८ साली शांघायमधल्या संशोधकांनी नव्याने मधुमेह निघालेल्या ३६ जणांवर तीन महिने तुलना केली: निम्म्यांना बर्बेरिन ५०० मिलिग्रॅम तीन वेळा, निम्म्यांना मेटफॉर्मिन त्याच प्रमाणात. बर्बेरिनच्या गटात एचबीएवनसी ९.५ वरून ७.५ वर आलं, मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड. चरबीबाबत २००४ चा ‘नेचर मेडिसिन’मधला अभ्यास महत्त्वाचा आहे. त्यात ३२ जणांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, तीन महिन्यांत सुमारे २५ टक्क्यांनी आणि ट्रायग्लिसराइड सुमारे ३५ टक्क्यांनी उतरलं. यकृताच्या पेशीवर एलडीएल उचलणारे रिसेप्टर बर्बेरिनमुळे वाढतात आणि ती वाट स्टॅटिनपेक्षा (ॲटोर्वास्टॅटिनच्या गटातल्या औषधांपेक्षा) वेगळी आहे, हे त्याच अभ्यासात दाखवलं गेलं.

हे आकडे भुरळ घालणारे आहेत, पण नमुना लहान आणि काळ थोडा आहे. वजनाच्या बाबतीत तर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर बर्बेरिनला ‘निसर्गाचं ओझेंपिक’ म्हणून डोक्यावर घेतलं गेलं, ते मला अन्यायाचं वाटतं, आशेने घेणाऱ्यांवरचा अन्याय. बर्बेरिनने उतरणारं वजन दोन-एक किलोच्या आसपास असतं. ओझेंपिकमधलं औषध म्हणजे सेमाग्लुटाइड; त्याच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी वजन जवळपास १५ टक्क्यांनी उतरलं होतं. दोघांची तुलना होऊच शकत नाही.

दीर्घकाळ घेण्याबद्दलची एक दिलासा देणारी माहिती वेगळ्याच क्षेत्रातून येते. मोठ्या आतड्यातल्या गाठी काढलेल्या अकराशेच्या आसपास लोकांना चीनमध्ये बर्बेरिन ३०० मिलिग्रॅम दोन वेळा किंवा प्लासिबो (औषध नसलेली नकली गोळी) देऊन दोन वर्षं पाहिलं गेलं. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांत गाठी पुन्हा होण्याचं प्रमाण ४७ वरून ३६ टक्क्यांवर आलं आणि मुख्य त्रास बद्धकोष्ठतेचा होता. म्हणजे हे द्रव्य स्वतः विषारी नाही. प्रश्न आहे तो शेजारी कोण बसलं आहे याचा.

दोन गोळ्यांची गाठ

बाईंच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. पहिली सरळ बेरजेची. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतं, साखर कितीही असली तरी. नुसत्या बर्बेरिनने साखर सहसा धोक्याच्या पातळीपर्यंत उतरत नाही, मेटफॉर्मिननेही नाही. पण ग्लिमेपिराइडने आधीच खाली ओढलेल्या साखरेवर आणखी एक औषध पडलं की तळ गाठला जातो.

दुसरी गोष्ट बारकाईची आहे आणि तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. यकृतातली काही एंझाइमं औषधांचं विघटन करतात. २०१२ च्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना दोन आठवडे बर्बेरिन ३०० मिलिग्रॅम तीन वेळा दिलं आणि ही एंझाइमं किती मंदावतात ते मोजलं. यांतलं सीवायपी२डी६ ज्या औषधावरून मोजतात, ते औषध आणि त्याचं विघटित रूप यांचं लघवीतलं गुणोत्तर नऊपट वाढलं. सीवायपी३ए४ वर अवलंबून असलेल्या मिडॅझोलॅम या गुंगीच्या औषधाचा रक्तातला एकूण अंश ४० टक्क्यांनी वाढला. आणि सीवायपी२सी९ मोजण्यासाठी वापरलेलं औषध होतं लोसार्टन.

ग्लिमेपिराइडचं विघटन सीवायपी२सी९ करतं. ते मंदावलं की गोळी तीच राहते पण रक्तातली मात्रा वाढू शकते. लोसार्टनचं मात्र उलटं आहे. ते पोटात जातं तेव्हा अर्धवट तयार असतं; याच एंझाइमने त्याचं रूपांतर केल्यावर जे बनतं, ते रक्तदाब उतरवण्याचं बरंचसं काम करतं. २०१२ च्या अभ्यासात लोसार्टन आणि त्याचं हे सक्रिय रूप यांचं गुणोत्तर दुपटीने वाढलं, म्हणजे रूपांतर घटलं. एकच एंझाइम मंदावलं आणि एका औषधाचा जोर वाढला, दुसऱ्याचा घटला. साखर उतरते आणि रक्तदाब चढतो, ही जोडी एरवी कोड्यात टाकणारी आहे, पण इथे एकाच कारणाने उलगडते. रक्तदाबाचा हा अर्थ मी शक्यता म्हणूनच मांडतो. दवाखान्यात आल्यावर घाबरून रक्तदाब चढणारेही खूप असतात.

बाटलीवरच्या बारीक अक्षरांत आणखी एक नाव होतं: पिपेरिन ५ मिलिग्रॅम. काळ्या मिरीतलं हे द्रव्य शोषण वाढवण्यासाठी घातलं जातं. १९९८ च्या एका अभ्यासात त्याने माणसांमध्ये हळदीतल्या कर्क्युमिनचं शोषण वीसपट वाढवलं होतं. कर्क्युमिनपुरतं ठीक, पण पिपेरिन स्वतः सीवायपी३ए४ मंद करतं आणि आतड्यातून औषधं बाहेर फेकणारा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंपही अडवतं. ॲटोर्वास्टॅटिनचं विघटन याच एंझाइमने होतं, आणि ते रक्तात वाढलं तर स्नायूंना त्रास होऊ शकतो. म्हणूनच मांड्या दुखतात म्हटल्यावर सीपीके करून घेणं योग्य होतं. अहवाल ठीक आला, तेव्हा त्या दुखण्याचं खापर बाटलीवर फोडता येत नाही.

आणखी एक शंका डॉक्टरांना घ्यावीच लागते: बाटलीत जे लिहिलं आहे तेच आहे का? बाजारातल्या १५ बर्बेरिन उत्पादनांची तपासणी करणाऱ्या एका अभ्यासात नऊ उत्पादनांत लेबलवरच्या मात्रेइतकं द्रव्य निघालं नाही. हा झाला कमी भरण्याचा प्रकार. जास्त भयंकर आहे ती भेसळ. २००८ मध्ये सिंगापूरमध्ये मधुमेह नसलेले १५० लोक साखर एकाएकी खूप उतरून रुग्णालयांत आले. लैंगिक शक्तीच्या म्हणून घेतलेल्या बेकायदा गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड होतं, मधुमेहाचं जोरकस औषध. त्यांतले चार जण दगावले. बाईंच्या कॅप्सूलची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही, त्यामुळे ही शक्यता पूर्ण मिटत नाही. बहुतेक देशांत पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूलला बाजारात येण्याआधी औषधाइतकी परीक्षा द्यावी लागत नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने तर परिणाम आणि सुरक्षितता आधी सिद्ध करून परवानगी घेण्याची अटच नाही.

निर्णय

दोन मार्ग होते. बर्बेरिन चालू ठेवून ग्लिमेपिराइड कमी करायचं, किंवा बर्बेरिन बंद करून पूर्वस्थितीवर यायचं. बाईंचा कल पहिल्याकडे होता, आणि त्यांचा युक्तिवाद टाकाऊ नव्हता: “सातपॉइंट नऊवरून सातपॉइंट एक झालं ना? मग जे लागू पडतंय ते का सोडू?”

डॉक्टरांनी दुसरा मार्ग धरला, आणि मला तो बरोबर वाटतो. चार औषधांपैकी तिघांवर परिणाम करू शकणारी पाचवी गोष्ट, जिची मात्रा बाटलीगणिक बदलू शकते, ती धरून बाकीच्यांचे डोस बसवायचे म्हणजे दर नव्या बाटलीबरोबर हिशेब नव्याने मांडायचा. शिवाय ७.१ हा आकडा सरासरी आहे. त्यात वर गेलेली साखर जशी आहे तशी ५६ वर उतरलेलीही आहे, आणि खाली उतरलेली साखर सरासरी चांगली दाखवते.

बर्बेरिन त्याच दिवशी बंद केलं. आधीचा असर शिल्लक असेल म्हणून ग्लिमेपिराइड दोन दिवस थांबवून तिसऱ्या दिवसापासून पूर्वीच्याच डोसने सुरू केलं, दिवसातून चार वेळा साखर मोजण्याच्या अटीवर. डोस मुद्दाम बदलला नाही. तो बदलला असता तर नंतर फरक कशाने पडला हे कळलंच नसतं. चार आठवड्यांत साखर एकदाही ७० च्या खाली गेली नाही, उपाशीपोटीची पुन्हा १४० च्या घरात आली, रक्तदाब १३०/८२ झाला. औषध थांबवल्यावर त्रास थांबणं हा महत्त्वाचा पुरावा असतो. मुद्दाम पुन्हा देऊन पाहिलं नाही, आणि ते पाहूही नये. म्हणून निदान ‘संभाव्य परस्परक्रिया’ एवढंच नोंदवलं, निश्चित नाही, आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे तसं कळवलं. लोकांना वाटतं अशी नोंद फक्त डॉक्टरांच्या औषधांसाठी असते. वनौषधींसाठी ती जास्त गरजेची आहे, कारण तिथे माहिती साठण्याचे दुसरे मार्ग फार थोडे आहेत.

मूळ प्रश्न तसाच होता: साखर उतरवायची गरज खरी होती. चार आठवड्यांनी ग्लिमेपिराइड काढून मधुमेहाचंच दुसरं औषध, एम्पाग्लिफ्लोझिन, दिलं. त्याने एकट्याने साखर फारशी धोकादायक उतरत नाही. २०१५ च्या मोठ्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या मधुमेहींमध्ये, हृदयामुळे होणारे मृत्यू त्याने ३८ टक्क्यांनी घटवले होते. त्याच्याही अडचणी आहेत, गुप्तांगाचा बुरशीसंसर्ग आणि क्वचित कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार); त्या बाईंना आधीच समजावून सांगितल्या. वनस्पतीचं म्हणून बर्बेरिन मागे पडलं असं मात्र कुणी समजू नये. मेटफॉर्मिनचं मूळही गॅलेगा ऑफिसिनॅलिस या वनस्पतीतल्या गॅलेजिनमध्ये आहे. त्याच कुळातलं फेनफॉर्मिन रक्तात लॅक्टिक आम्ल साठवतं म्हणून सत्तरच्या दशकात बहुतेक ठिकाणी बंद झालं. एक बहीण जगभर चालली, दुसरी बाद झाली, आणि दोघींचा निवाडा शेकडो पेशंटांवरच्या मोजणीने झाला.

मुलीचा प्रश्न

खोलीतून बाहेर पडताना मुलीने स्वतःचं विचारलं. तिला पीसीओएस (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होण्याचा विकार) आहे, दुसरं औषध काही नाही, बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. उरलेली बाटली तिने घेतली तर चालेल का?

पीसीओएसमध्ये बर्बेरिनचा अभ्यास झालेला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ६४४ स्त्रियांवरच्या चाचणीत लेट्रोझोल (बीज तयार होण्यासाठी दिलं जाणारं औषध) घेणाऱ्यांपैकी ३६ टक्के जणींना मूल झालं, लेट्रोझोल आणि बर्बेरिन दोन्ही घेणाऱ्यांत ३४ टक्के, नुसतं बर्बेरिन घेणाऱ्यांत २२ टक्के. जोडीला दिल्याने काही फायदा झाला नाही. आणि गर्भ राहिल्यावर ते घ्यायचंच नसतं: काविळीत वाढणारं पिवळं बिलिरुबिन रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेलं असतं, बर्बेरिन ते सुटं करतं, आणि सुटं झालेलं बिलिरुबिन नवजात बाळाच्या मेंदूपर्यंत जाऊन कायमची इजा करू शकतं. म्हणून गरोदरपणी, अंगावर पाजताना आणि तान्ह्या बाळाला ते वर्ज्य आहे. गर्भ राहिल्याचं कळेपर्यंत काही आठवडे उलटलेले असतात, तेव्हा प्रयत्न चालू असतानाच ते टाळणं शहाणपणाचं. डॉक्टरांनी तिला नाही म्हणून सांगितलं, बाटली ठेवून घेतली आणि पीसीओएससाठी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन दिली.